रेंसच्या पोमेरीबाई



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असते. जिजामातेचे झाले, अहिल्याबाईंचे झाले, सावित्रीबाईंचेही झाले. जिजामाता तर आपल्याच सिंदखेडराजाच्या लेकी. यंदा हे काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविले. मी सातवीपर्यंत शिकलेली, संसारी बाई. लिहिण्याचा सराव नाही. त्यातून मी जे नाव निवडले आहे ते वाचून पुष्कळजणींच्या कपाळाला आठ्या पडतील. ही बाई फ्रान्स देशातली, आणि तिचा धंदा दारूचा. गावात बाटली आडवी व्हावी म्हणून ज्या आम्ही दारोदार सह्या गोळा करीत फिरलो, त्याच आम्ही दारू करणाऱ्या बाईचे गुण गावे, हे कसे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. तोपर्यंत एवढी कहाणी ऐकून घ्यावी.

माझा धाकटा मुलगा पुण्यास हॉटेलच्या कामाचे शिक्षण घेतो. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याची अभ्यासाची वही ओट्याजवळ पडली होती. मी चकल्या तळीत होते. त्याला म्हटले, एवढे काय शिकतोस ते वाच तरी. तो वाचू लागला. फ्रान्समध्ये शॅम्पेन नावाची द्राक्षांची फसफसणारी दारू होते. तिच्यातील कोरड्या, म्हणजे बिनगोड जातीबरोबर कोणते पदार्थ वाढावे आणि कोणते वाढू नयेत याची यादी होती. त्यात मला काय गोडी? पण पानाच्या खालच्या बाजूस एका बाईचे नाव होते. दारूच्या धड्यात बाईचे नाव कशाला, असे मी विचारले. मग त्याने पुस्तकातून पाहून दोन संध्याकाळी मला सगळे मराठीतून सांगितले. तेच मी माझ्या शब्दांत मांडते.

या बाईंचे नाव लुईझ पोमेरी. जन्म १८१९ च्या मार्च महिन्यातला. फ्रान्सच्या ईशान्येस आर्देन नावाचा भाग आहे. तेथील आनेल या लहानशा गावी त्या जन्मल्या. माहेरचे आडनाव मेलँ. मुलीने शिकावे अशी आईची इच्छा होती, म्हणून काही काळ त्यांना इंग्लंडात शाळेला ठेवले होते. त्या इंग्रजी शिकल्या आणि इंग्रज माणसांच्या खाण्यापिण्याच्या चालीरीतीही त्यांना कळल्या. हे शिक्षण पुढे किती उपयोगी पडणार होते, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार?

लग्न झाले ते लुई पोमेरी या व्यापाऱ्याशी. राहणे रेंस शहरी. आपले खामगाव जसे कापसाचे, तसे रेंस तेव्हा लोकरीचे गाव होते. पोमेरी हे लोकरीच्या व्यापारातले. पुढे १८५६ साली त्यांनी ग्रेनो नावाच्या भागीदाराबरोबर मद्याच्या व्यापारातही पैसे घातले. बाई घर सांभाळीत होत्या. थोरला मुलगा सतरा वर्षांच्या आसपासचा, आणि त्याच्या पाठीवर पुष्कळ वर्षांनी झालेली मुलगी अजून तान्ही. अशातच १८५८ च्या फेब्रुवारीत पोमेरी वारले. बाईंचे वय एकोणचाळीसच्या आत होते.

येथे त्या देशाच्या कायद्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १८०४ साली फ्रान्समध्ये जो कायदा झाला त्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय करार करता येत नसे. विधवेला मात्र स्वतःच्या नावाने व्यवहार करता येत असे. म्हणून रेंस भागात मद्याच्या मोठमोठ्या पेढ्या चालविणाऱ्या विधवा होऊन गेल्या. पोमेरीबाईंच्या आधी क्लिको या आडनावाच्या विधवेने असेच नाव कमावले होते. ही बाई १८६६ पर्यंत हयात होती. कर्तृत्व अंगी आधीपासूनच असते, पण ते दाखविण्याची मोकळीक नवरा गेल्यावर मिळावी, हा न्याय मला काही पटला नाही. आपल्याकडे तर तेवढीही मोकळीक नव्हती. पोमेरीबाई विधवा झाल्या त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५६ साली, आपल्या देशात विधवाविवाहाचा कायदा झाला होता. तो कागदावर आला, घराघरांत पोचायला फार काळ लागला.

पोमेरीबाईंनी रडून झाल्यावर पेढीच्या वह्या उघडल्या. लोकरीचा व्यापार त्यांनी बंद केला आणि सगळी शक्ती शॅम्पेनवर लावली. भागीदार ग्रेनो यांची प्रकृती ठीक नसे. थोड्याच काळात कारभार बाईंच्या हाती आला. हेन्री व्हास्निए नावाचा एक तरुण त्यांनी हाताशी घेतला आणि लंडनला आपला माणूस म्हणून ह्यूबिने यांना नेमले. दोघेही शेवटपर्यंत विश्वासाने राहिले. नोकर निवडण्याची ही पारख मोठी गोष्ट आहे.

आता हे मद्य होते कसे, ते थोडक्यात सांगते, म्हणजे बाईंनी काय केले ते कळेल. द्राक्षांचा रस आंबवून आधी साधे मद्य करतात. मग बाटलीत भरताना त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच घट्ट बसवितात. बाटलीच्या पोटात ते पुन्हा आंबते आणि त्यातून निघालेली हवा बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून ती रसातच मुरते. आपल्या इडलीच्या पिठाला फुगायला जागा मिळाली नाही तर काय होईल, तसे. बाटलीतील दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दुप्पट-तिप्पट असतो. जुन्या काळी बाटल्या फुटून तळघरात काचांचा खच पडे. कित्येक महिने, वर्षे बाटल्या थंड जागी ठेवतात. शेवटी त्या हळूहळू उलट्या करून गाळ बुचाशी आणतात, बूच काढून गाळ उडवितात आणि कमी झालेली जागा भरताना साखरेचा पाक घालतात. गोड की कोरडी हे या शेवटच्या पाकावर ठरते.

त्या काळी हा पाक सढळ हाताने घालीत. फ्रान्समध्ये एका लिटरमागे दीडशे ग्रॅमच्या वर साखर असे. रशियाला जाणाऱ्या बाटल्यांत त्याहूनही जास्त. सरबताहून गोड असे हे पेय जेवण झाल्यावर मिठाईबरोबर घेत. साखरेने एक सोय होत असे. द्राक्षे कच्ची असोत, रस हलका असो, वर्षभरही मुरलेला नसो, सगळे त्या गोडीखाली झाकून जाई. आपल्यालाही ठाऊक आहे, दूध करपले तर बासुंदीत वेलदोडा जरा जास्त घालतात.

लंडनहून मात्र निराळी बातमी येत होती. इंग्रजांकडे गोड मद्ये आधीच पुष्कळ होती. त्यांना जेवताना घेता येईल असे बिनगोड काही हवे होते. पोमेरीबाईंनी ते ओळखले. कमी साखरेचा प्रयत्न त्यांच्या आधी कोणी केलाच नव्हता असे नाही, पण तो टिकला नव्हता. साखर काढली की दोष उघडे पडतात. बाईंनी मग मुळापासून सुरुवात केली. द्राक्षे पुरती पिकल्याशिवाय तोडायची नाहीत. शेतकऱ्याला हे अवघड. पाऊस, गारपीट कधी येईल सांगता येत नाही. सोंगणीला आलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला म्हणजे काय होते, हे आपल्या बुलडाणा जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. शिवाय मद्य पुष्कळ वर्षे मुरवायचे, म्हणजे तितकी वर्षे पैसा जमिनीत पुरून ठेवायचा. पेढीचे जुने जाणते लोकही घाबरले असतील. बाई मागे हटल्या नाहीत.

मुरविण्यासाठी जागा हवी. रेंसच्या कडेला दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी बांधकामासाठी खडूचा दगड काढला होता. त्याच्या खोल विहिरींसारख्या खाणी तशाच पडून होत्या. गावाच्या लेखी ती उकिरड्याची जागा. बाईंनी १८६८ साली ती सारी जमीन घेऊन काम सुरू केले. सुमारे १२० खाणी एकमेकींना बोगद्यांनी जोडल्या. जमिनीखाली तीस मीटर खोल, आणि लांबी भरली अठरा किलोमीटर. खाली उतरायला ११६ पायऱ्या. तेथे उन्हाळा असो की बर्फ पडो, थंडी सारखी दहा अंशांच्या आसपास राहते. बोगद्यांना त्यांनी ज्या ज्या शहरांत माल जाई त्या शहरांची नावे दिली. वर इमारती बांधल्या त्या इंग्रजी धाटणीच्या, गिऱ्हाईक इंग्रज म्हणून. दहा वर्षे हे काम चालले होते.

मध्येच १८७० साली जर्मनांशी युद्ध झाले. त्याच साली इकडे जलंबहून आपल्या खामगावला कापसासाठी रेल्वे आली होती. तिकडे रेंसमध्ये शत्रूचे सैन्य आले. त्यांच्या गव्हर्नराने राहायला पोमेरीबाईंचेच घर घेतले. शत्रू उंबरठ्याच्या आत, आणि पेढी, कामगार, मुले सांभाळायची. बाईंनी धीर सोडला नाही, काम चालू ठेवले.

युद्ध संपले आणि १८७४ चा हंगाम आला. त्या वर्षी ऊन चांगले पडले, द्राक्षे उत्तम पिकली. त्या पिकाचे मद्य बाईंनी नीट मुरवून जवळजवळ बिनसाखरेचे विकायला काढले. इंग्लंडात त्याला फार मागणी आली. कोरड्या शॅम्पेनला तिकडे ब्रूत म्हणतात. आज जगात खपणाऱ्या शॅम्पेनपैकी बहुतेक याच जातीची आहे. ब्रूत म्हणायचे तर लिटरला बारा ग्रॅमच्या आत साखर पाहिजे, असा आता नियम आहे. कोठे दीडशे आणि कोठे बारा!

या एका बदलाने जेवणाचे पानच बदलले. गोड होती तोवर ती शेवटी, मिठाईच्या वेळी येई. कोरडी झाल्यावर ती जेवणाच्या आरंभी आली आणि शेवटपर्यंत राहिली. मुलाच्या वहीतील यादी मला येथे उलगडली. कोरड्या शॅम्पेनबरोबर तिकडे समुद्रातील कालवे, मासे, कोंबडी, घट्ट चीज, खारवलेले बदाम आणि तळलेले पदार्थ वाढतात. कारण असे की खारट पदार्थाने तिचा आंबटपणा सौम्य लागतो, आणि तिच्या आंबटपणाने व फसफसण्याने तळणीचा तेलकटपणा जिभेवरून निघून जातो. आपण भज्यांवर लिंबू पिळतो, खाराबरोबर ताक घेतो, त्यातलाच हा प्रकार. गोड पदार्थ मात्र वर्ज्य. जिलेबी खाऊन चहा घेतला तर साखर घातलेला चहाही फिका लागतो. तसेच केक खाऊन कोरडी शॅम्पेन घेतली तर नुसती आंबट लागते. आणि तिखट तर मुळीच नको. आपल्या वऱ्हाडी ठेच्याने जीभ पोळली असता ते बुडबुडे आणखी झोंबतात. मुलगा म्हणाला की मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत आता तिच्याबरोबर मुगाची भजी आणि साबुदाणावडेही देतात, पण मिरची बेताने घालून. मला हसू आले. उपासाचा साबुदाणावडा कोठे जाऊन बसला!

एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. शॅम्पेन हे नाव फक्त त्या एका प्रदेशातल्या मद्याला लावता येते. आपल्या महाराष्ट्रातही तशाच रीतीची फसफसणारी मद्ये झाली आहेत. १९८० नंतरच्या दशकात नारायणगावला फ्रेंच जाणकारांच्या मदतीने ती करून परदेशी पाठविली गेली, आणि २०१३ पासून दिंडोरीच्या बाजूस एका फ्रेंच पेढीचे काम सुरू झाले. म्हणजे पोमेरीबाईंची कोरडी चव नाशिकच्या द्राक्षांपर्यंत येऊन पोचली आहे.

पैसा आला तेव्हा बाईंनी तो कसा वापरला, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. कामगारांच्या आजारपणाची आणि म्हातारपणाची तरतूद त्यांनी केली. त्या काळी अशी पद्धत फारच थोड्या ठिकाणी होती. अनाथ मुलांसाठी आणि गरिबांसाठी पैसे दिले. शिणी नावाच्या खेड्यात त्यांचे घर होते. तेथे त्यांनी गुलाबांची मोठी बाग केली. त्यांच्या गुलाबांवरून १९०२ साली त्या गावाचे नावच गुलाबांचे शिणी असे झाले. एका विधवेच्या बागेवरून गावाला नाव मिळाले!

आणि शेवटची गोष्ट चित्राची. मिये नावाच्या चित्रकाराने १८५७ साली एक चित्र काढले होते. पीक काढून झालेल्या शेतात तीन गरीब बाया वाकून गव्हाच्या पडलेल्या ओंब्या वेचीत आहेत. आपण ज्याला सरवा वेचणे म्हणतो, तेच. माझी आजी सरवा वेचायची. आईनेही वेचला. दिवसभर वाकून ओटीभर दाणे. हे चित्र प्रथम मांडले तेव्हा श्रीमंतांना ते आवडले नाही. अशा बायांचे एवढे मोठे चित्र कशाला, असे त्यांना वाटले. त्याच चित्रकाराचे दुसरे एक चित्र १८८९ साली अमेरिकेच्या व्यापाऱ्यांनी विकत नेले. त्या वर्षी पोमेरीबाईंनी हे सरवा वेचणाऱ्या बायांचे चित्र तीन लाख फ्रँक देऊन घेतले, ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून, आणि राष्ट्राला देऊन टाकले. आज ते पॅरिसच्या संग्रहालयात आहे. त्याच १८८९ साली मुंबईत पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक नसेल. दोघींची कामे निराळी. तरी दोघीही विधवा, हे माझ्या मनातून जात नाही.

१८९० च्या मार्चमध्ये, एकाहत्तर वर्षांच्या होऊन पोमेरीबाई वारल्या. अंत्ययात्रेला रेंसमध्ये अफाट लोक लोटले होते. गावाने आपल्या घरची कर्ती बाई गेली असे मानले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. मी दारूचे गुण गात नाही. दारूने मोडलेले संसार आपण डोळ्यांनी पाहिले आहेत. गावातील निम्म्याहून अधिक बायांनी मत दिले तर दुकान बंद करण्याचा हक्क आपल्या राज्यात आहे, आणि तो वापरलाच पाहिजे. पण पोमेरीबाईंच्या बाटलीकडे न बघता त्यांच्या वहीकडे बघितले तर एक शिकण्यासारखे दिसते. त्यांनी साखर कमी केली. वरची गोडी काढून टाकूनही टिकेल इतका माल आतून चोख केला.

आणि आपण मात्र वरून गोडी घालतो. हे मी स्वतःबद्दलच लिहिते. माझ्या थोरल्या जाऊबाई छत्तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. चार एकर कोरडवाहू शेती त्यांनी एकटीने केली. पेरणी, फवारणी, बाजार, सगळे. सातबाऱ्यावर नाव चढवायला त्यांना किती खेटे घालावे लागले ते मी पाहिले आहे. दोन मुलींची लग्ने केली. आम्ही त्यांच्याशी फार गोड बोलतो. त्यांच्यासारखी कर्तबगार बाई नाही, असे चारचौघींत सांगतो. आणि संक्रांतीचे हळदीकुंकू असले की त्या आतल्या खोलीत तिळाचे लाडू वळीत बसतात, आणि बाहेर ते लाडू आम्ही वाटतो. चौदा वर्षे झाली. त्यांना बाहेर ये म्हणायला माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. लोक काय म्हणतील, एवढेच कारण. आमच्या गोड बोलण्याखाली ते झाकले गेले होते.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात विधवांच्या कुप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने सर्व ग्रामपंचायतींना तसे करण्यास सांगितले. सरकारचा कागद आला म्हणून घरातली चाल बदलत नाही, हे १८५६ पासून आपण पाहतो आहोत. ती घरातल्या बाईनेच बदलावी लागते.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. येत्या संक्रांतीचे हळदीकुंकू माझ्या घरी ठेवावे. पहिले कुंकू मी जाऊबाईंना लावणार आहे. मी त्यांना विचारले. आधी त्या काही बोलल्या नाहीत, विळीवर भाजी चिरीत राहिल्या. मग म्हणाल्या की लाडू यंदा कोणी दुसरीने वळावे.

ते मी वळीन. आपण सर्वजणी अवश्य यावे.